मीटर आपला, बटण जगाच्या हातात

वेब अ‍ॅप कुठे ठेवायचे, हा प्रश्न निघाला की हल्ली एकच उत्तर वेदवाक्यासारखे ऐकवले जाते: ‘वापराल तेवढेच भरा.’ महिन्याचे ठरीव भाडे घेणारा सर्व्हर म्हणजे जुन्या वळणाची उधळपट्टी. विनंतीगणिक, सेकंदागणिक, जीबीगणिक मोजून घेणारी सेवा म्हणजे न्याय, अशी वाटणी होऊन बसली आहे. मला ती मान्य नाही. एकटादुकटा प्रोग्रामर, छोटी संस्था, चार जणांची कंपनी यांच्यासाठी ठरीव भाडेच रास्त आहे. मोजून घेणारी सेवा घ्यायचीच, तर खर्चाची कमाल मर्यादा आधी ठरवता येत असेल तरच घ्यावी.

पूर्वपक्ष लेचापेचा नाही, म्हणून आधी तो नीट मांडतो. अ‍ॅमेझॉनची लॅम्डा ही ‘सर्व्हरलेस’, म्हणजे सर्व्हर भाड्याने न घेता कोड चालवून देणारी, सेवा 2014 साली आली. तिचा दर दहा लाख विनंत्यांना 20 सेंट, शिवाय मेमरी आणि वेळ यांच्या गुणाकारावर, म्हणजे जीबी-सेकंदावर, वेगळा आकार. प्रत्येक विनंतीला एक जीबी मेमरी आणि सेकंदाचा दहावा भाग लागतो असे धरा. दहा लाख विनंत्यांचे लॅम्डापुरते 1 डॉलर 87 सेंट होतात. त्यातही महिन्याच्या पहिल्या दहा लाख विनंत्या आणि चार लाख जीबी-सेकंद फुकट, म्हणजे भरायचे काहीच नाही. उलट हेरोकूवरचा 512 एमबीचा स्टँडर्ड डायनो, म्हणजे तिथला भाड्याचा सर्व्हर-कप्पा, अ‍ॅपकडे महिनाभर कुणी फिरकले नाही तरी 25 डॉलर घेतो. दहावी-बारावीच्या निकालासारखे काम असेल, वर्षभर शुकशुकाट आणि एका दुपारी झुंबड, तर मोजून घेणारी सेवा चपखल बसते. हे सगळे खरे आहे. पण एवढ्यावरून तीच सर्वांसाठी न्याय्य, हा निष्कर्ष निघत नाही.

पहिला युक्तिवाद विजेचा: घरचे वीजबिल नाही का वापरावर येत? येते ना. पण घरातला पंखा घरातलेच लावतात. आपल्या वेबसाइटचे बटण मात्र जगात कुणीही, कितीही वेळा दाबू शकतो, आणि मीटर आपला फिरतो. विजेला मंजूर भार असतो, त्यापलीकडे गेले की एमसीबी पडतो. दर महावितरण मनाला येईल तसा लावत नाही, तो वीज नियामक आयोग ठरवतो. बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार अशी फोड असते. होस्टिंगवाल्यांनी यातला मीटर तेवढा उचलला; एमसीबी आणि आयोग मागेच राहिले.

बटण दुसऱ्याच्या हातात असले की काय होते, ते फेब्रुवारी 2024 मध्ये सगळ्यांनी पाहिले. नेटलिफायच्या फुकट योजनेवर एक साधी स्थिर वेबसाइट होती. तिच्यावरची एक ध्वनिफीत, जेमतेम साडेतीन एमबीची, कुणीतरी हल्ला करून पुन्हा पुन्हा उतरवली. मालकाला बिल आले 1,04,500 डॉलरचे. जादा बँडविड्थचा दर तेव्हा दर 100 जीबीला 55 डॉलर होता. भागाकार केला तर सुमारे 190 टीबी भरतात. कंपनीने आधी बिलाच्या 20 टक्के मागितले, मग 5 टक्क्यांवर आली, आणि बोभाटा झाल्यावर प्रमुखांनी सगळेच माफ केले. माफी मिळाली, चांगले झाले. पण ती गाजावाजा झाल्यावर मिळाली. ज्याचा आवाज तिथवर पोचत नाही, त्याने काय करायचे? शिवाय लाखाचे बिल पाच टक्क्यांत मिटत असेल, तर त्या दराचा खर्चाशी संबंध किती, हेही दिसलेच.

दुसरा युक्तिवाद असा की बजेटचा इशारा लावून ठेवा, काळजी नको. अ‍ॅमेझॉनचे बजेट दिवसातून फार तर तीनदा ताजे होते, दोन नोंदींमध्ये आठ ते बारा तास जातात. रात्री अकराला हल्ला सुरू झाला, तर इशारा सकाळी चहाच्या वेळी. इशारा कळवतो, थांबवत नाही. ‘ग्राहकाची साइट आपण कशी बंद करणार?’ असे यावर सांगितले जाते. पण थांबवणे अशक्य नाही, हे याच कंपन्यांनी दाखवून दिले आहे. व्हर्सेलवर ठरवलेल्या खर्चाला पोचताच प्रकल्प थांबवण्याची सोय आहे. अ‍ॅमेझॉननेही जुलै 2025 पासून नव्या ग्राहकांना अशी फुकट योजना दिली, जिच्यात क्रेडिट संपले की बिल न येता खाते बंद पडते. तंत्र होतेच, इच्छा उशिरा आली.

तिसरा युक्तिवाद वाया जाण्याचा: रिकाम्या सर्व्हरचे पैसे का भरायचे? इथे गणित उलटून बघावे. लॅम्डावर 512 एमबीचे एक फंक्शन तीस दिवस सतत चालले, तर फुकट वाटा न धरता 21 डॉलरच्या वर जातात, आणि साधारणपणे त्याची एक प्रत एका वेळी एकच विनंती हाताळते. डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत ती नुसती बसली, तरी मीटर चालूच. तेवढ्याच मेमरीचा डिजिटलओशनचा सर्व्हर महिन्याला 4 डॉलरला मिळतो आणि एकाच वेळी अनेकांना उत्तर देतो. क्लाउडफ्लेअर आपल्या वर्कर्स सेवेत सीपीयूच्या प्रत्यक्ष कामाचा वेळ मोजते, वाट पाहण्याचा नाही. म्हणजे नुसते बसण्याचे पैसे घेणे अपरिहार्य नव्हतेच. खुद्द अ‍ॅमेझॉनच्या प्राइम व्हिडिओमधल्या एका चमूने 2023 मध्ये जाहीर केले, की चित्रफितींची गुणवत्ता तपासणारी यंत्रणा सर्व्हरलेस तुकड्यांतून काढून एकत्र बांधल्यावर तिचा खर्च 90 टक्क्यांहून अधिक घटला. ही आतल्या गोटातलीच साक्ष आहे.

चौथा युक्तिवाद फुकट योजनेचा: शिकणाऱ्यांना आधार होतो. होतो, कंपनीची मर्जी असेतोवर. हेरोकूने अनेकांना पहिले अ‍ॅप चढवायला शिकवले. 28 नोव्हेंबर 2022 पासून तिथले फुकट डायनो आणि फुकट डेटाबेस बंद झाले. गैरवापर आवरत नाही, हे कारण दिले गेले. कारण खोटे नसेल. पण जे फुकट आहे ते दरपत्रक नव्हे, ती जाहिरात आहे, आणि जाहिरातीच्या भरवशावर संस्थेचे काम उभारू नये.

आता स्वपक्ष. डिजिटलओशनवर 6 डॉलरमध्ये एक जीबी मेमरीचा सर्व्हर मिळतो, हवा तर बंगळुरूतला. सोबत महिन्याला सुमारे 1,000 जीबी बँडविड्थ असते, आणि जादा जीबीला एक सेंट. नेटलिफायवरचे ते 190 टीबी इथून गेले असते, तर बिल 1,900 डॉलरच्या आसपास थांबले असते. तेही थोडे नाही, आणि इथेही जादा वापर मोजला जातो हे मी लपवत नाही. पण एक गिगाबिटच्या जोडणीतून दिवसभर पूर्ण वेगाने ओतले, तरी 10.8 टीबीच जातात, म्हणजे या दराने 108 डॉलर. नुकसानीची कमाल आधीच कागदावर मांडता येते. त्याआधी बहुधा बिचारा सर्व्हरच धापा टाकून बसेल. साइट दोन तास बंद पडली तर शरम वाटते. कर्ज होत नाही. छोट्या माणसासाठी हा फरक सर्वांत मोठा आहे.

आपल्याकडे आणखी एक बाब आहे. कार्डावरून आपोआप जाणारी रक्कम 15,000 रुपयांच्या वर गेली, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दर वेळी ओटीपीची वेगळी संमती लागते. डॉलरमधले बिल एका महिन्यात फुगले की पेमेंट अडकते, आणि गर्दी वाढल्याच्या आनंदात साइट थकबाकीत जाते. ठरीव भाड्याला हे विघ्न नाही. जमाखर्च ठेवणाऱ्यालाही रक्कम आधी माहीत असते.

यावर शेवटचा आक्षेप येतो देखभालीचा: सर्व्हर घेतला की अपडेट, बॅकअप, सुरक्षा आपल्याच गळ्यात. बरोबर आहे, त्या वेळेचीही किंमत लावावी. ज्याला ते जमत नाही, त्याने हेरोकूच्या 7 डॉलरच्या बेसिक डायनोसारखी, देखभालीसकट ठरीव भाड्याची सोय घ्यावी. महाग वाटेल, पण ते जास्तीचे पैसे कष्टाचे आहेत, धोक्याचे नाहीत.

तेव्हा दरपत्रक वाचताना पहिला आकडा शेवटी वाचा. आधी तीन गोष्टी शोधा: जादा बँडविड्थचा दर काय, वाट पाहण्याचे पैसे लागतात का, आणि ठरवलेल्या रकमेला सेवा खरोखर थांबते का. तिसऱ्याचे उत्तर ‘नाही’ असेल आणि नुकसानीची कमालही आधी मांडता येत नसेल, तर तिथे क्रेडिट कार्डाचा नंबर देऊ नका.