न दिसणारी आच

गेल्या वर्षी आम्ही उभयता सहा महिन्यांसाठी मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील शार्लट हे तिचे गाव. ते बँकांचे एक मोठे केंद्र असल्याने माझ्यासारख्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला त्याचे कौतुक वाटणे स्वाभाविक होते. परंतु या वेळचा विषय बँक नसून स्वयंपाकघर आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशी आहेत व आपण त्यांच्याकडे जात-येत असतो. इकडेही घरोघरी गॅसशेजारी विजेची शेगडी येऊन बसली आहे. म्हणून आमच्या हातून घडलेली एक चूक व तिच्यातून मिळालेले शिक्षण येथे मांडतो.

मुलीकडे गॅस नव्हता. तिथे विजेवर चालणारी रेंज होती, म्हणजे वर चार शेगड्या, खाली ओव्हन व त्याखाली एक खण असे एकसंध यंत्र. वरचा भाग काळ्या गुळगुळीत काचेचा. शेगडी म्हणून दिसतात ती काचेवर आखलेली चार वर्तुळे. एरवी ते एखादे स्वच्छ पुसलेले मेजच वाटावे.

तिसऱ्याच दिवशी दूध उतू गेले. सौ. पातेल्यासमोरच उभी होती. साय वर येताच तिने बटण बंद केले. चाळीस वर्षे हाताला लागलेली सवय! गॅस बंद होताच दूध मुकाट्याने खाली बसते. येथे बटण बंद झाले, तरी दूध चढतच राहिले आणि काचेवर पसरले. त्याच दुपारी कुकरनेही बटण बंद केल्यावर आणखी एक शिट्टी दिली.

कारण साधे आहे. गॅसची उष्णता ज्योतीत असते. ज्योत विझली की तिचा उगम संपला. विजेच्या शेगडीत आधी काचेखालचे तारेचे वेटोळे तापते, मग काच, मग भांडे. वीज तोडली तरी तापलेले वेटोळे व काच आपली शिल्लक उष्णता भांड्याला देतच राहतात. म्हणून तेथे बटण बंद करणे पुरेसे नसते, भांडे उचलून थंड वर्तुळावर ठेवावे लागते. शिवाय ते वेटोळे सतत लाल राहत नाही. ठरावीक तापमान गाठले की आपोआप बंद होते, पुन्हा सुरू होते. मधल्या काळात काच काळीच दिसते. काळी म्हणजे थंड, असे समजून हात टेकणारा भाजतो. बहुतेक काचेच्या रेंजवर एक छोटा दिवा असतो व काच निवेपर्यंत तो जळत राहतो. डोळ्यांनी पाहायचे ते काचेकडे नव्हे, त्या दिव्याकडे.

हे सारे मुलीने पहिल्याच दिवशी समजावले होते. आम्ही माना डोलावल्या होत्या. समजणे आणि हाताला लागणे यांत अंतर असते, ते पुढे कळले.

एके सकाळी सौ. मागच्या अंगणात नातीबरोबर होती. मुलगी वरच्या खोलीत कार्यालयाचे काम करीत होती. मला चहाची तलफ आली. आधण पुढच्या डाव्या वर्तुळावर ठेवले, बटण आत दाबून फिरवले आणि भावाचा फोन आला म्हणून बाहेरच्या खोलीत गेलो. डोळ्यांवर चष्मा नव्हता. प्रत्येक बटणाशेजारी चार टिंबांचे लहानसे चित्र असते व त्यांतील कोणते वर्तुळ तापणार ते त्यात दाखवलेले असते. ते मी पाहिलेच नाही. मी फिरवले ते मागच्या डाव्या वर्तुळाचे बटण आणि त्या वर्तुळावर पोळ्यांचा प्लॅस्टिकचा डबा, वर घडी घातलेले फडके, असे ठेवलेले होते.

धुराची घंटा कर्कश वाजू लागली तेव्हा मी धावलो. डब्याचा तळ वितळून काचेवर पसरला होता आणि फडक्याच्या कडेने ज्वाळा धरली होती. सौ. अंगणातून आली ती हाती पाण्याचा तांब्या घेऊनच. जिन्यावरून मुलगी ओरडली, “आई, पाणी नको!” तिने एका हाताने बटण बंद केले, दुसऱ्या हाताने मोठी परात त्या डब्यावर पालथी घातली आणि आम्हाला मागे सारले. मिनिटाभरात ज्वाळा गुदमरून विझली. कोणालाही इजा झाली नाही. काच मात्र डागाळली.

“आई, इथे डबा कशाला ठेवलास? आणि शेगडी चालू राहिलीच कशी?” मुलगी घाबरून बोलत होती. स्वयंपाकघर आईचे, म्हणून चूकही आईची, असे तिने गृहीत धरले. सौ. काही बोलली नाही. आणि लिहायला संकोच वाटतो, पण मीही बोललो नाही. सायंकाळी मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, “बाबा, मी खाली नसताना तुम्ही दोघांनी रेंज लावू नका. मी आले की करू.” चाळीस वर्षे घराचा स्वयंपाक सांभाळलेल्या बाईच्या हातून स्वयंपाकघर काढून घेतले जात होते.

रात्री दिवा मालवल्यावर सौ. म्हणाली, “अहो, मी ती शेगडी लावल्याचं मला अजिबात आठवत नाही. माझं विसरणं वाढलंय का हो? परत गेल्यावर डॉक्टरांना दाखवू या.”

तिचे हे वाक्य मला सहन झाले नाही. मी उठून दिवा लावला आणि सांगितले, “अगं, ती शेगडी मी लावली होती.” ती काही वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग एवढेच म्हणाली, “सकाळी तिलाही सांगा.” सकाळी मुलीलाही सांगितले.

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला त्या रात्री एक साधी गोष्ट आठवायला हवी होती. बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. दोन अधिकाऱ्यांकडे दोन किल्ल्या असतात. त्यांपैकी एकावर अविश्वास असतो असे नव्हे. कोणताही माणूस चुकू शकतो, म्हणून ती व्यवस्था. दिवसाअखेर रोकड मोजायची ती स्मरणाने नव्हे, हाताने. आम्ही मात्र घरातील विस्तव केवळ आठवणीवर सोपवला होता आणि चूक होताच एकमेकांच्या आठवणीकडे बोट दाखवत होतो. सुरक्षितता स्मरणशक्तीवर नव्हे, व्यवस्थेवर सोपवावी. साठी उलटलेल्यांनी तर निश्चितच.

म्हणून मुलीशी बसून आम्ही काही नियम ठरवले. ते कागदावर लिहून रेंजशेजारी चिकटवले.

१. काच म्हणजे ओटा नव्हे. शेगडी बंद असली तरी तिच्यावर डबा, फडके, ताट, लाकडी उलथने काहीही ठेवायचे नाही. सौ. पोळीवर फडके दाबून ती फुगवीत असे. ज्योत नसल्याने दुसरा इलाजही नसतो. ते फडके टांगण्यासाठी दूर खुंटी ठोकली.

२. बटण फिरवण्याआधी चष्मा लावून चित्र पाहायचे. फिरवल्यावर अपेक्षित वर्तुळ तापते आहे याची खात्री पटेपर्यंत तेथेच थांबायचे.

३. शेगडी चालू असताना स्वयंपाकघर सोडायचे नाही. फोन आला तर फोन थांबेल. अमेरिकेत १८९६ साली स्थापन झालेली नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही संस्था सांगते की तेथील घरांना लागणाऱ्या आगींचे सर्वांत मोठे कारण स्वयंपाक हे आहे आणि त्यातही प्रमुख कारण म्हणजे चालू शेगडी सोडून जाणे. गॅसपेक्षा विजेच्या रेंजवर हा धोका अधिक असतो, हेही तिचेच निरीक्षण.

४. मुलांसाठी शेगडीभोवती ३ फुटांची सीमा. जमिनीवर रंगीत चिकटपट्टी लावली. चार वर्षांची नात त्या रेषेबाहेर उभी राहून आम्हालाच शिस्त लावू लागली.

५. कढईतील तेल पेटले तर पाणी कदापि टाकायचे नाही. पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते तेल चहूकडे उडते. बटण बंद करायचे, झाकण कडेने सरकवत बसवायचे आणि पूर्ण निवेपर्यंत उघडायचे नाही. पेटलेले भांडे उचलून नेऊ नये. ओव्हनमध्ये जाळ दिसला तर तो बंद करून दार मिटलेलेच ठेवायचे. आग आटोक्याबाहेर जाते असे वाटले तर घराबाहेर पडून ९११ क्रमांकावर कळवायचे.

६. दुसरी किल्ली. एकाने बटण बंद केले की दुसऱ्याने येऊन चारही बटणे पाहायची व मोठ्याने म्हणायचे, “पाहिले.”

या तपासणीत आणखी एक त्रुटी सापडली. ओव्हनचे दार खाली उघडते. त्या उघड्या दारावर मूल उभे राहिले किंवा जड भांडे ठेवले तर अख्खी रेंज पुढे कलंडू शकते व वरचे उकळते पदार्थ अंगावर येतात. हे होऊ नये म्हणून मागच्या पायाशी जमिनीला वा भिंतीला एक धातूची पट्टी बसवायची असते. खालचा खण काढून विजेरीने पाहिले, तर पट्टी बसवलेलीच नव्हती. जावईबापूंनी त्याच आठवड्यात बसवून घेतली. ज्यांच्याकडे लहान मुले आहेत त्यांनी हे आवर्जून पाहावे.

देखभालीचेही थोडे. काच पूर्ण निवाल्यावर मऊ फडक्याने पुसावी. तारेची घासणी वापरू नये, जड भांडे ओढू नये. अपवाद साखरेचा. पाक किंवा गूळ सांडला आणि तसाच थंड झाला तर काचेचा पापुद्रा निघून खळगे पडतात. म्हणून बटण बंद करून, हात जपून, काच गरम असतानाच तो खरवडणीने काढावा लागतो. काचेला तडा गेला तर शेगडी वापरूच नये, कारण फटीतून ओल विजेपर्यंत पोहोचते. तेथे घरातील साधा विद्युतदाब १२० व्होल्ट असला तरी रेंजला २४० व्होल्टची स्वतंत्र जोडणी असते. दुरुस्ती करायची असल्यास तिचा ब्रेकर आधी पाडावा. ओव्हनच्या तळाशी ॲल्युमिनियमचा कागद अंथरू नये, खालच्या खणात प्लॅस्टिक ठेवू नये. ओव्हन स्वतःला स्वच्छ करून घेण्याची सोय अनेक रेंजमध्ये असते. त्या वेळी आतील तापमान सुमारे ४८० अंश सेल्सिअसपर्यंत जाते. तेव्हा आतील जाळ्या काढाव्यात, खिडक्या उघडाव्यात व घरात थांबावे.

सांगलीस परतल्यावर सौ. म्हणाली, “आता आपल्या घरचंही बघा.” आमच्याकडे रोज पिण्याचे पाणी उकळतात. त्यासाठी इंडक्शन शेगडी घेतलेली आहे आणि ती जोडली होती एका साध्या एक्स्टेन्शन बोर्डाला! हिशेब करून पाहिला. २००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह ओढते. ६ अँपिअरच्या लहान सॉकेटला हा भार पेलत नाही, तारा आतल्या आत तापतात. तिला १६ अँपिअरचे सॉकेट, योग्य जाडीची तार व खात्रीचे अर्थिंग हवे. इलेक्ट्रिशियनला बोलावून तशी जोडणी करून घेतली. विद्युतगळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबीही बसवले. त्यावरचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. पूर्ण शक्तीवर अर्धा तास चालवल्यास एक युनिट वीज जळते, हे बिलाचा हिशेब ठेवणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो.

इंडक्शनचा प्रकार थोडा वेगळा. तेथे उष्णता भांड्याच्या तळातच निर्माण होते. म्हणून ज्याला चुंबक चिकटते असेच सपाट बुडाचे भांडे लागते. काच भांड्यामुळे तापते व भांडे उचलल्यावरही चटका देते. शेगडीच्या खाली हवेसाठी झरोके असतात. ती गॅसच्या शेगडीवर, कापडावर किंवा वर्तमानपत्रावर ठेवू नये. बंद केल्यावरही आतला पंखा फिरत असतो. तो थांबल्यावरच सॉकेटचे बटण बंद करावे. ओल्या हाताने प्लगला स्पर्श नको. हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच तिच्याजवळ काम करावे. आणि आग लागल्यास आपल्याकडे १०१ हा क्रमांक ध्यानात असावा.

शार्लटहून निघण्याच्या आदल्या दिवशी मुलीने आईला सांगितले, “आई, आज तूच पुरणपोळी कर. मी वरच आहे.” एवढ्या एका वाक्यात स्वयंपाकघर परत मिळाले होते. सौ.ने पोळ्या केल्या, बटणे बंद केली आणि माझ्याकडे पाहिले. मी चष्मा लावला, चारही बटणे पाहिली, दिवा विझल्याची खात्री केली आणि म्हणालो, “पाहिले.”

आता सांगलीतही रोज रात्री तसेच करतो. कधी मी बंद करतो, ती पाहते. कधी ती बंद करते, मी पाहतो. कोणाचे विसरणे वाढले, हा प्रश्न आमच्या घरी पुन्हा निघालेला नाही.