पत्ते साठले, आता डाव मांडा

१९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम लिहून काढले. खो-खो त्याआधीही गावोगावी खेळला जात होता, पण आळीगणिक कायदा वेगळा. नियम कागदावर आले आणि अंगणातला खेळ मैदानावर गेला, शाळांत रुजला, स्पर्धांत उतरला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला अशा दोन्ही गटांत भारत जिंकला आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते.

त्याच पुण्यात आज एक खेळ मुलांच्या दप्तरांत नियमांवाचून पडून आहे. कोथरूड, हडपसर, बिबवेवाडी, बाणेर, कुठल्याही सोसायटीच्या कट्ट्यावर संध्याकाळी पाहावे. मुलांच्या हातात रबरबँड लावलेला पोकेमॉनच्या पत्त्यांचा गठ्ठा असतो, एखाद्याकडे ‘यू-गी-ओह’चे किंवा ‘वन पीस’चे पत्ते असतात. अदलाबदल चालते, चमकणाऱ्या पत्त्यावरून भांडणे होतात, ती पालकांपर्यंत पोचतात. खेळ मात्र बहुतेक वेळा एवढाच, की दोघांनी एकेक पत्ता टाकायचा आणि ज्याच्या पत्त्यावरचा ‘एचपी’चा, म्हणजे मार सोसण्याच्या ताकदीचा, आकडा मोठा, त्याने दोन्ही उचलायचे. हे नियम या पत्त्यांचे नाहीतच. हे त्यांच्या आईवडिलांच्या लहानपणीच्या ट्रम्प कार्डांचे नियम आहेत.

म्हणजे मुलांनी पैसे एका खेळाचे मोजले आणि खेळतात दुसराच. मोठ्यांना यात दोनच गोष्टी दिसतात, एक खर्च आणि दुसरा पसारा. त्या पत्त्यांत विचार करायला लावणारा एक पुरा खेळ आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलेच नाही. तो खेळ मुलांना आणि मोठ्यांनाही शिकवायला हवा, आणि तो मराठीत शिकवायला हवा.

अशा पत्त्यांच्या खेळांच्या घराण्याचा इतिहास फार जुना नाही. गणितात डॉक्टरेट केलेल्या रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी माणसाने रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ १९९३ मध्ये बाजारात आला. त्याची कल्पना साधी होती आणि नवीही. मेंढीकोटात किंवा रमीत सगळे एकाच कॅटमधून खेळतात. इथे प्रत्येक खेळाडू आपला कॅट स्वतः जुळवून आणतो. जपानने ती कल्पना उचलली आणि तिला आपल्या चित्रकथांचे चेहरे दिले. ऑक्टोबर १९९६ मध्ये पोकेमॉनचा पत्त्यांचा खेळ जपानमध्ये आला, १९९९ च्या सुरुवातीला तो इंग्रजीत छापला गेला. त्याच वर्षी काझुकी ताकाहाशी यांच्या मांगावरचा, म्हणजे जपानी चित्रकथेवरचा, ‘यू-गी-ओह’चा खेळ कोनामी कंपनीने जपानमध्ये आणला. २००८ मध्ये अनेक ॲनिमेंची पात्रे एका छत्राखाली आणणारा ‘वाइस श्वार्त्झ’ आला, आणि एइचिरो ओदा यांच्या ‘वन पीस’चा सध्याचा खेळ २०२२ मधला.

यांतला पोकेमॉन शिकायला सर्वांत सोपा, कारण ज्याने कधी पत्ते पिसले आहेत त्याला निम्मा खेळ आधीच ठाऊक असतो. प्रत्येकाचा कॅट बरोबर ६० पत्त्यांचा. साधे ऊर्जेचे पत्ते सोडले तर एकाच नावाचे ४ पेक्षा जास्त पत्ते चालत नाहीत. पिसून झाले की हातात ७ पत्ते घ्यायचे. त्यांतला एक मूळ पोकेमॉन पुढे उभा करायचा, मागच्या रांगेत जास्तीत जास्त ५ ठेवायचे, आणि ६ पत्ते बक्षीस म्हणून न पाहता पालथे घालायचे. आपल्या पाळीला एक पत्ता उचलायचा, एका पोकेमॉनला ऊर्जेचा एकच पत्ता लावायचा, हातात असेल तर पोकेमॉनचे पुढचे रूप त्याच्यावर चढवायचे आणि शेवटी हल्ला. हल्ला केला की पाळी संपली. समोरचा पोकेमॉन बाद झाला की आपल्या बक्षिसांतला पत्ता उचलायचा. सहाही बक्षिसे उचलली की जिंकलात. समोरच्याकडे मांडलेला एकही पोकेमॉन उरला नाही, किंवा पाळीच्या सुरुवातीला उचलायला त्याच्या गड्डीत पत्ताच राहिला नाही, तरीही जिंकलात.

एवढे समजले की ‘मोठा आकडा जिंकतो’ ही समजूत गळून पडते. मुलांचा सर्वांत लाडका पत्ता चॅरिझार्ड घ्या. पहिल्याच संचातल्या चॅरिझार्डचा एचपी १२० आणि त्याचा हल्ला १०० चा. कट्ट्यावरच्या नियमांत तो राजा. पण खऱ्या डावात तो थेट मांडताच येत नाही. आधी छोटा चारमॅण्डर ठेवायचा, पुढच्या पाळीला त्यावर चारमेलियन, त्याच्या पुढच्या पाळीला चॅरिझार्ड. हल्ल्याला ऊर्जेचे पत्ते लागतात चार आणि पाळीला लावता येतो एकच. दुसऱ्या पत्त्याची मदत नसेल तर हा राजा चौथ्या पाळीला पहिला वार करतो, आणि प्रत्येक वारामागे दोन ऊर्जा टाकून देतो. शिवाय पाण्याच्या पोकेमॉनचा हल्ला त्याला दुप्पट लागतो. तोवर समोरच्याचे दोन-तीन चपळ, स्वस्त पोकेमॉन निम्मी बक्षिसे घेऊन गेलेले असू शकतात. आपल्याकडचा भारी पत्ता बाहेर यायला किती वेळ लागेल आणि तोवर काय करायचे, हे ठरवणे म्हणजे हा खेळ. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ते एका संध्याकाळी कळते.

गणित तर त्यात जागोजाग आहे. महाराष्ट्र मंडळाच्या दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचे प्रकरण आहे आणि त्यातली काही उदाहरणे ५२ पत्त्यांच्या कॅटवर बेतलेली आहेत. ती सोडवणाऱ्या मुलाला हे गणित घालून पाहावे : ६० पत्त्यांत एक पत्ता ४ वेळा असेल, तर सुरुवातीच्या ७ पत्त्यांत तो निदान एकदा येण्याची शक्यता किती? उत्तर सुमारे ४० टक्के. मूळ पोकेमॉन फक्त ८ ठेवले, तर शंभरातल्या सुमारे ३५ वेळा पहिल्या हातात एकही येत नाही. १२ ठेवले तर ती वेळ सुमारे १९ वेळाच येते. तशी वेळ आली की हात उघडा दाखवून पुन्हा पिसावे लागते आणि समोरच्याला जादा पत्ता घेण्याची मुभा मिळते. कॅट जुळवणारे मूल हाच हिशेब अंदाजाने करत असते. त्याला सूत्र दाखवले तर ते परीक्षेनंतरही त्याच्याजवळ राहील.

‘वन पीस’चा खेळ वेगळे काही शिकवतो. त्यात एक नायक, ५० पत्त्यांचा कॅट आणि ऊर्जेसारखे वापरायचे १० ‘डॉन’ पत्ते. नायकाला फटका बसला की त्याच्या आयुष्याच्या पालथ्या पत्त्यांतला एक पत्ता खेळाडूच्या हातात येतो. मार खाणाऱ्याला पुढच्या चालीसाठी साधन मिळते, म्हणून मागे पडलेला खेळाडू शेवटपर्यंत डावात राहतो. हरायला लागले की पत्ते फेकून उठणाऱ्या मुलासाठी हा नियमच चांगला शिक्षक आहे.

आक्षेप आहेत, आणि त्यांतला पहिला खरा आहे. या पत्त्यांची बंद पाकिटे म्हणजे नशिबाचा सौदा आहे. आत काय निघेल ते फोडेपर्यंत कळत नाही, म्हणून मूल आणखी एक मागते, मग आणखी एक. त्यात भर पडते मोठ्या आकड्यांच्या बातम्यांची. १९९८ च्या जपानी चित्रस्पर्धेतल्या विजेत्यांना बक्षीस दिलेल्या ‘पिकाचू इलस्ट्रेटर’ पत्त्याला ५२ लाख ७५ हजार डॉलर मिळाले आणि २०२२ मध्ये त्याची गिनीजने नोंद घेतली. त्या वाटेने आपल्या मुलाचा गठ्ठा कधीही जाणार नाही, हे घरात स्पष्ट सांगावे. शाळेबाहेर दहा-वीस रुपयांना मिळणारी सोनेरी, चकचकीत पाकिटे तर बहुतेक नकलीच असतात. त्यांवरचे आकडे अवाच्या सवा असतात, मजकूर चुकीचा असतो, आणि नियमाने खेळायला ती निरुपयोगी ठरतात.

पण या आक्षेपाचे उत्तरही खेळ शिकण्यातच आहे. ज्याला खेळता येते त्याला पाकिटाची गरज कमी पडते. त्याला हवे ते चार पत्ते ठाऊक असतात आणि ते सुटे घेता येतात किंवा मित्राशी बदलून मिळतात. सुरुवातीला तर तयार जुळवलेले डेक पुरतात. २०२० मध्ये आलेल्या ‘बॅटल अकॅडमी’ या पेटीत पोकेमॉनचे तीन पूर्ण डेक आणि पहिला डाव हाताला धरून शिकवणारी पुस्तिका होती. एका पेटीवर दोन भावंडे खूप काळ खेळू शकतात. काही विकत न घेता शिकायचे असेल, तर पोकेमॉनचे ‘टीसीजी लाइव्ह’ हे ॲप मोफत आहे. मात्र ते शिकण्यापुरते. पत्ते समोरासमोर बसून खेळण्यातच मजा आहे.

दुसरा आक्षेप आपल्या घरांतला जुना आहे : पत्ते म्हणजे जुगार, पत्ते म्हणजे वाया गेलेला वेळ. हा आक्षेप घेणाऱ्याच घरांत मे महिन्याच्या दुपारी आजी-आजोबांनी नातवंडांना बदाम सात, झब्बू आणि पाच-तीन-दोन शिकवले आहेत. पैसे न लावता खेळलेल्या पत्त्यांनी कुणाचे घर बुडवलेले नाही.

नियम विसरले गेले की पत्त्यांचे काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. सावंतवाडीचे गंजिफा आज सगळ्यांना माहीत आहेत : लाखेचे, गोल, हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफ्यात १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. पाच रंगांत दहा मोठा आणि एक लहान, उरलेल्या पाचांत उलटे. डाव दिवसा असेल तर सुरुवात रामाच्या रंगाने, रात्री असेल तर कृष्णाच्या. औरंगाबादच्या पंडित हरिकृष्णांनी १८७१ मध्ये ‘क्रीडाकौशल्य’ ग्रंथात खेळांची माहिती लिहून ठेवली, त्यात गंजिफाही आहे. पुढे कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले, तेव्हा तिथले राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण गंजिफा विकत घेणाऱ्यांतले बहुतेक जण ते चौकटीत लावतात. चित्र वाचले, डाव गेला. देवांच्या, अवतारांच्या गोष्टी सांगणारे पत्ते खेळून खेळून पाठ करणारी एक परंपरा आपल्याकडे होती आणि ती आपण भिंतीवर टांगली. आपल्या मुलांच्या हातातले नवे पत्तेही आत्ताच प्लॅस्टिकच्या खिशांत जाऊन बसले आहेत.

मराठीचा मुद्दा इथे येतो. पोकेमॉनचे पत्ते २०१९ पासून थाई आणि इंडोनेशियाच्या भाषेत छापले जातात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीत ते नाहीत. पत्त्यावरच्या इंग्रजी मजकुरापाशी मराठी शाळेतले मूल अडते आणि खेळ इंग्रजी शाळेतल्या मुलांचा होऊन बसतो. कंपनी मराठीत छापेल तेव्हा छापेल. तोवर एक पान पुरते. मांडणी, पाळीचा क्रम, जिंकण्याचे तीन मार्ग आणि वारंवार येणाऱ्या पंधरा-वीस इंग्रजी सूचनांचा मराठी अर्थ एवढे त्यावर असले की तिसरीतले मूल खेळायला बसू शकते.

हे पान लिहायला पुण्यापेक्षा योग्य शहर कोणते? जपानी शिकणाऱ्यांची इथे मोठी परंपरा आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात ती भाषा शिकवली जाते आणि जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेचे केंद्र शहरात आहे. त्या वर्गांत ॲनिमे पाहून आलेले कितीतरी तरुण आहेत. पत्ते काय म्हणतात ते त्यांना कळते, मुलांशी मराठीत बोलताही येते. जागाही आहेत : १८४८ पासूनचे पुणे नगर वाचन मंदिर, नारायण पेठेतले पुणे मराठी ग्रंथालय, सारसबागेजवळचे गरवारे बालभवन, आणि प्रत्येक सोसायटीत वर्षातले बहुतेक दिवस कुलूपबंद असलेले सभागृह.

म्हणून पालकांना विनंती, की मुलाने पुढचे पाकीट मागितले तर आधी त्याच्यासमोर बसा आणि हातातल्या पत्त्यांनी एक पूर्ण डाव नियमाने खेळा. पहिला डाव दोघांचे पत्ते उघडे ठेवून खेळला तर चुका लगेच दिसतात. ग्रंथालयांनी आणि बालभवनांनी शनिवारची एक संध्याकाळ, चार टेबले आणि मराठी नियमांचे ते एक पान मुलांना द्यावे. शिकवायला जपानी शिकणारे विद्यार्थी बोलवावेत, आणि पत्ते पिसायला आजी-आजोबांनाही.