परभाषा केवळ पोटापुरती?

अजिंठ्याला अनेक जपानी पर्यटक भक्तिभावाने येतात. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी आणि जपानमधील होर्युजी मंदिरातील, १९४९ साली आगीत होरपळलेली भित्तिचित्रे यांच्यातील साम्य अभ्यासकांनी दाखविले आहे. परंतु या पाहुण्यांशी पहिला संबंध येतो तो अभ्यासकांचा नव्हे. तो येतो गाडीचालकाचा, हॉटेलातील वाढप्याचा, माळा विकणाऱ्याचा आणि पायऱ्यांवरून डोली वाहणाऱ्याचा. या माणसांना परकी भाषा कोणी शिकवायची?

बहुतेकांनी ती ऐकून ऐकूनच उचललेली असते. ‘यासुई’ म्हणजे स्वस्त. एवढ्या शब्दावर माळ विकता येते. पण डोलीत बसलेली वृद्धा घाबरली, तर तिला धीर कसा द्यावा? मोबाइल भाषांतर करतोच की, असे कोणी म्हणेल. मात्र डोली वाहणाऱ्याचे हात दांडीला गुंतलेले असतात, हे आपण विसरतो.

‘स्वयम्’ या शासकीय मंचावर कानपूरच्या आय. आय. टी.ने जपानीचे प्राथमिक धडे दिले आहेत. पण ते इंग्रजीतून. म्हणजे जपानीच्या घरात शिरण्यासाठी आधी इंग्रजीचा उंबरठा ओलांडायचा! वास्तविक जपानी वाक्यरचना मराठी माणसाला मुळीच परकी नाही. ‘मी पाणी पितो’ हे जपानीत ‘वाताशी वा मिझु ओ नोमिमास’ असे होते : आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. ‘टोकियोहून’ला ‘तोक्यो कारा’ म्हणतात. तेथेही प्रत्यय नामानंतरच. इंग्रजीत हाच क्रम उलटतो. मग सरळ वाट सोडून हा वळसा कशासाठी?

माझे मत असे की, मराठीतून ध्वनिमुद्रित केलेले धडे मोबाइलवर द्यावेत आणि आठवड्यातून एकदा शिक्षकासमोर वर्ग भरवावा. ऐकणे आणि घोकणे फावल्या वेळात यंत्रावर होईल. बोलण्यातली चूक सुधारायला मात्र समोर माणूस हवा. ‘ओबासान’ म्हणजे काकू आणि ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. एक स्वर लांबला, की पाहुणी रुसलीच! वर्गाचा वारही शोधावा लागत नाही. अजिंठा सोमवारी बंद असतो, वेरूळ मंगळवारी. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकलेल्या विद्यार्थ्यांना मानधन देऊन येथे बोलावता येईल. अट एकच : शिकणाऱ्याकडून शुल्क घेऊ नये.

परकी भाषा ही महाविद्यालयाची मिरासदारी नव्हे. जो पाहुण्याला खांद्यावरून लेण्यापर्यंत नेतो, त्याला त्याच्याशी चार वाक्ये बोलता यावीत, एवढीच ही मागणी आहे.