डोकं जागेवर, पाय अधांतरी

मराठीत 'चक्कर' हा शब्द भलताच कामाचा आहे. ऑफिस सुटल्यावर मार्केटला एक चक्कर टाकता येते, लोनसाठी बँकेत चार चकरा माराव्या लागतात, अकाउंट्समधल्या त्या दोघांचं काहीतरी चक्कर चालू आहे अशी कुजबुज असते, आणि उन्हात फार वेळ उभं राहिलं की येते तीसुद्धा चक्करच. एका शब्दात सगळं भागतं. फक्त एका ठिकाणी भागत नाही. डॉक्टरसमोर.

म्हणजे कसं, की मी म्हणाले, 'मॅडम, गोळी सुरू केल्यापासून चक्कर येते.' आणि पेन हातात घेऊन बसलेल्या मॅडम म्हणाल्या, 'कुठली?'

आता आधी गोळी कसली ते सांगते. मी राहते पेणला आणि नोकरी करते रोह्याजवळ, धाटावच्या एमआयडीसीत. काम क्वालिटीच्या कागदपत्रांचं. बॅच रेकॉर्ड नावाचा प्रकार असतो, म्हणजे त्या मालाची जन्मकुंडलीच. कधी काय टाकलं, किती तापवलं, सही कोणाची. (कुंडलिका नदीच्या काठी बसून कुंडल्या तपासते, हा माझा आवडता जोक आहे. ऑफिसात आता कोणी हसत नाही.) वय एकोणतीस, आणि गेल्या वर्षी कळलं की मला एडीएचडी आहे.

हो, मोठ्या माणसांनाही असतो. फक्त वर्गात बाकावरून उड्या मारणाऱ्या मुलांचा तो आजार नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांचं जे मॅन्युअल जगभर वापरतात, त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत निकष असे आहेत की काही लक्षणं बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावीत, आणि सतरा वर्षांपुढच्या माणसात यादीतली पाच असली तरी पुरे. लहान मुलांना सहा लागतात. माझी शाळेची प्रगतिपुस्तकं काढून बघितली. 'हुशार आहे पण लक्ष नाही', प्रत्येक वर्षी, वेगवेगळ्या अक्षरांत.

औषधांचे ढोबळ दोन गट. एक स्टिम्युलंट, त्यातलं आपल्याकडे मिळतं ते मुख्यतः मिथाइलफेनिडेट. ते काही तासांत काम करतं आणि उतरतं. पण ते एनडीपीएस कायद्याखाली येतं, त्यामुळे प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही, आणि छोट्या गावातलं मेडिकल ते ठेवतच नाही. पेणमध्ये चौकशी केली तर 'पनवेलला बघा' हे उत्तर. दुसरा गट नॉन-स्टिम्युलंट, त्यात अॅटोमॉक्सेटिन. अमेरिकेत त्याला २००२ मध्ये परवानगी मिळाली. ते रोज घ्यायचं आणि वाट बघायची. गुण यायला काही आठवडे लागतात. माझ्या डॉक्टरांनी माझी सगळी कहाणी ऐकून हे दुसरं दिलं.

आणि गुण आला ना! पाचव्या आठवड्यात एक अठरा पानांचा रेकॉर्ड मी पहिल्या पानापासून शेवटच्या सहीपर्यंत एका बैठकीत वाचला. एकच परिच्छेद तीनदा नाही, मधेच फोन नाही, 'जरा पाणी पिऊन येते' नाही. ज्यांना हे जन्मतःच जमतं त्यांना यात काय विशेष ते कळणार नाही. मला रडू यायचं बाकी होतं. मग खुर्चीतून उठले, आणि डोळ्यांपुढे काळं. दोन सेकंद, टेबलाची कड धरून.

त्यानंतर रोज. सकाळी बेडवरून उठताना, वाकून कपाटातली फाइल काढल्यावर, जेवून उठताना. आईचं लॉजिक एका वाक्याचं होतं : 'आधी चक्कर येत नव्हती, गोळी सुरू केल्यावर यायला लागली, बंद कर ती गोळी.' खोटं काहीच नाही त्यात. पण त्याच गोळीने मला अठरा पानं वाचू दिली होती. शिवाय आमच्याकडे सॅम्पलिंगसाठी लोखंडी शिडी चढून प्लॅटफॉर्मवर जावं लागतं, आणि बऱ्याच कारखान्यांत उंचीवर काम करायच्या पाससाठी व्हर्टिगोची टेस्ट घेतात. मेडिकल फॉर्मवर 'चक्कर' लिहायचं, तर कंपनीच्या डॉक्टरांचाही पुढचा प्रश्न तोच. कुठली?

तर, कुठली? पनवेलच्या मॅडमनी मला अक्षरशः मराठीचा तास घेतल्यासारखं विचारलं. खोली फिरते का? पलंगावर कूस बदलली की छप्पर गरगरतं का? तसं असेल तर ती कानातली चक्कर. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात, ते जागा सोडून भलत्या नळीत गेले की असं होतं, आणि त्याचा एडीएचडीच्या गोळीशी संबंध नसतो. की उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, कानात सूं होतं, आणि बसलं की थांबतं? ती ब्लड प्रेशरची. की चालताना झोक जातो? की हातपाय गळाल्यासारखं, पोटात खड्डा, थरथर? ती बहुतेक उपाशीपणाची. आणि ती या औषधांत फार कॉमन, कारण मिथाइलफेनिडेट काय किंवा अॅटोमॉक्सेटिन काय, दोन्ही भूक मारतात. दुपारचा डबा तसाच परत जातो, पाणी प्यायचं लक्षात राहत नाही, आणि चार वाजता माणूस हवेत.

आपल्याकडे अंधारी, गरगरणं, झोक, घेरी, ग्लानी असे किती सुंदर शब्द आहेत, आणि आपण सगळ्यांना मिळून एक चक्कर म्हणतो!

माझी निघाली अंधारी. मग होमवर्क मिळालं. आईला बीपीची गोळी चालू आहे, त्यामुळे मशीन घरात होतंच. पाच मिनिटं आडवं पडायचं, रीडिंग घ्यायचं, उभं राहायचं, एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायचं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर त्याला उभं राहिल्यावर बीपी पडणं म्हणतात. माझं आडवं असताना ११८ वर ७६, आणि एका मिनिटाने ९६ वर ६४. पल्स ७८ चा १०८. आईने आकडे वहीत लिहिले, खाली रेघ मारली आणि पहिल्यांदाच 'गोळी बंद कर'च्या ऐवजी म्हणाली, 'डॉक्टरांना फोन कर.'

हे असं का होतं? आपण उभे राहिलो की अर्धा ते एक लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळतं आणि ठोके वाढवतं, म्हणून आपल्याला काही कळत नाही. हा आवळण्याचा निरोप पोहोचवतं नॉरअॅड्रिनालिन, आणि अॅटोमॉक्सेटिनचं काम नेमकं त्याच्याच हिशेबात ढवळाढवळ करण्याचं. त्यामुळे बऱ्याच जणांचं बीपी आणि ठोके याने थोडे वाढतात, आणि काहींचं उभं राहताना उलट पडतं. एकाच गोळीने दोन्ही! म्हणून 'बीपी लो होतंय ना, मीठ वाढव' हा जो सल्ला मला पेणमध्ये घरोघरी मिळाला, तो मॅडमनी हसून बाजूला ठेवला. पेणचे पापड हे औषध नाही, हे लिहिताना मला गावातून तडीपार व्हायची भीती वाटते, पण नाही.

दुसरी मोठी तपासणी झाली ती माझ्या पर्सची. खरंच. मॅडमनी विचारलं, बाकी काय काय घेतेस? सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं, ते बीपी वाढवतं. डिप्रेशनसाठी देतात त्यातल्या फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन या गोळ्या लिव्हरमधलं जे एन्झाइम अॅटोमॉक्सेटिनचा निचरा करतं त्यालाच अडवतात, आणि मग तीच नेहमीची मात्रा रक्तात कितीतरी पट होऊन बसते. काहींचं हे एन्झाइम जन्मतःच आळशी असतं. त्यांना छोटा डोससुद्धा मोठ्यासारखा लागतो. मैत्रिणीला काहीच झालं नाही म्हणून मला होऊ नये, असा नियम नाही. शिवाय हिमोग्लोबिन करून घ्यायला सांगितलं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना अॅनिमिया निघाला होता. सगळं बिल गोळीच्या नावावर फाडण्याआधी हे बघायला नको? माझं ठीक निघालं.

क्लोनिडिन घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. ती गोळी मुळात बीपी उतरवणारी, एडीएचडीतही देतात. तिने चक्कर आणि झोप दोन्ही येतात, पण ती एका दिवसात बंद केली तर बीपी उसळी मारतं. तिथे आईचं लॉजिक थेट धोक्याचं.

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिथाइलफेनिडेट पहिल्यांदा बनवलं १९४४ मध्ये, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या लिआंद्रो पानिझ्झॉन या केमिस्टने. सांगतात असं की त्याच्या बायकोचं बीपी लो असायचं, ती टेनिस खेळण्याआधी हे घ्यायची, आणि तिच्या मार्गरीटा या नावातल्या 'रीटा'वरून औषधाचं नाव पडलं रिटालिन. म्हणजे एका बाईच्या लो बीपीवरून नाव पडलेल्या गोळीच्या साइड इफेक्टच्या यादीत आज 'चक्कर' छापलेलं असतं.

बरं, मग केलं काय? डोस पुढच्या पायरीवर न्यायचा होता, तो मॅडमनी महिनाभर पुढे ढकलला. सकाळची गोळी उपाशीपोटी नाही, पोह्यांनंतर. (दिवसाचा डोस दोन भागांतही देता येतो, गरज पडली तर ते बघू म्हणाल्या. आपलं आपण करायचं नाही.) उठताना आधी बसायचं, पाय खाली सोडून मनात वीस मोजायचे, मग उभं राहायचं. ट्रेनची वाट बघत उभं राहावं लागलं तर टाचा वरखाली करायच्या, पायाला पाय अडकवून मांड्या आवळायच्या. पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. अंधारी आलीच तर तिथेच खाली बसायचं, लाज न बाळगता. मी पेण स्टेशनवर एकदा उकिडवी बसले, एक मावशी पाण्याची बाटली घेऊन धावल्या आणि वर 'कितवा महिना?' हेही विचारून झालं.

आपल्या राहणीत काही खास सापळे आहेत, ते परदेशी माहितीपत्रकांत सापडत नाहीत. जमिनीवर मांडी घालून जेवणं. इंडियन टॉयलेट. फरशी पुसणं. उकिडवं बसलेलं असताना बीपी बरं असतं, झटक्यात उठलं की खेळ. आणि गणपती! पेणचं घर म्हटलं की आरत्या एकावर एक, सगळ्या उभ्याने, कापूर, धूप, ऑगस्ट-सप्टेंबरची घामट हवा, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत पोटात काही नाही. यंदा मी आधी दूध आणि केळं खाणार आहे. आईला हे मान्य नाही, पण तीन आरत्यांनंतर मी भिंतीला टेकून बसणार हे मात्र तिने काकूला स्वतःच सांगून टाकलंय.

छातीत दुखलं, ठोके वेडेवाकडे पडले, शुद्ध हरपली, बोलताना जीभ जड झाली किंवा एका बाजूचा हात उचलेना, तर ही बीपीची वही वगैरे बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल गाठायचं. तिथे गोळीचं नाव सांगायला लाजायचं नाही. अनेक जण लपवतात.

ऑफिसात मी सेफ्टीवाल्यांना सांगून टाकलं. काय होईल याचं टेन्शन होतं. झालं एवढंच, की प्लॅटफॉर्मवरचं सॅम्पल सध्या पाटीलदादा आणतात आणि त्यांचे दोन रेकॉर्ड मी वाचते. माझ्या नव्या डोक्याला हा सौदा परवडतो.

राहिली स्कूटर. नागोठण्यावरून भिसे खिंडीतून रोह्याला जायचा रस्ता पावसाळ्यात बघावा असा आहे, पण त्या वळणांवर दोन सेकंदांची अंधारी म्हणजे काय ते सांगायला नको. औषध आपल्याला कसं लागतंय ते नक्की कळेपर्यंत गाडी चालवू नये, असं मॅडमचं स्पष्ट म्हणणं, आणि डोस बदलला की ही मुदत पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे सध्या मेमू. कासू, नागोठणे, निडी, रोहा. बसायला मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर टाचा वरखाली.

परवाचं रीडिंग आडवं असताना ११६ वर ७४, उभं राहिल्यावर १०४ वर ७०. पुढची अपॉइंटमेंट महिनाअखेरीस. तोपर्यंत स्कूटरची किल्ली आईच्या डब्यात आहे, बीपीच्या मशीनशेजारी.