ओली रंगपाटी

सुमारें २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक रंगवून टेबलावर लढाया खेळण्याचा छंद मुलांस लागला कीं पालकांची पहिली तक्रार खर्चाची असते. ती खोटी नाहीं. मात्र त्या खर्चाचा कांहीं भाग केवळ अविचाराचा असतो.

या कामीं ॲक्रिलिक रंग वापरतात. त्यांतील पाणी उडालें कीं रंग घट्ट होतो व पुन्हा पाण्यांत विरघळत नाहीं. कोरड्या बशींतील थेंबावर पंख्याखालीं कांहीं मिनिटांतच साय धरते. मुलगा नवा थेंब घेतो. पण झग्यासाठीं कष्टानें जुळविलेली छटा पुन्हा साधत नाहीं, आणि तेथेंच पुष्कळांचा धीर सुटतो.

यावर तोड म्हणजे ओली रंगपाटी. पसरट डबींत भिजविलेला स्पंज, त्यावर केक भाजतांना भांड्याच्या तळाशीं घालतात तो कागद, व कागदावर रंग. पाणी हळूहळू वर झिरपतें आणि रंग कित्येक तास ओला राहतो. झाकण लावल्यास दुसऱ्या दिवशींहि चालतो. मेणकागद मात्र नको, त्यांतून पाणी येत नाहीं.

अशा डब्या बाजारांत तयार मिळतात. त्या विकत घेऊं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे. घरचा जुना डबा पुरतो. पहिल्या खेपेस आम्हीं पाणी इतकें घातलें कीं रंग सैनिकाच्या चेहऱ्यावरून ओघळला! पावसाळ्यांत स्पंज धुवून वाळवावा, नाहीं तर बुरशी धरते. तो डबा पुन्हा स्वयंपाकघरांत येऊं नये, ही मातांची अट रास्तच आहे.