विनायकरावांची खुर्ची आणि आपली शाळा

निवडणूक आली की ‘आपला माणूस निवडून द्या’ ही हाक सीमाभागात घुमते. ती योग्यच आहे. पण हैदराबादच्या विनायकराव कोरटकर (विद्यालंकार) यांची कारकीर्द आणखी काही शिकवते.

१९३९ च्या आर्यसमाज सत्याग्रहाचे हे मराठी पुढारी पुढे बुर्गुल रामकृष्णराव यांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बिदर, भालकी, औराद म्हैसूर राज्यात गेले. मराठी मतदारांचे बळ विखुरले. तरीही १९५७ मध्ये हैदराबादने विनायकरावांना लोकसभेवर पाठविले. केवळ मराठी मतांवर हे शक्य नव्हते.

ती खुर्ची पाच वर्षांची ठरली. त्यांचे वडील न्या. केशवराव यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये निघालेली शिक्षणसंस्था मात्र विद्यानगरजवळच्या नारायणगुड्यात आजही उभी आहे.

घटनेचे कलम ३५०-अ अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्यास राज्यांना सांगते. तेव्हा मत मागणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही भाषेचा असो, विचारा : मराठी शिक्षक कधी देणार? आणि आपली मुले त्याच शाळेत घाला. पट घसरला तर आपला आमदारही ती शाळा वाचवू शकणार नाही.