करमुक्त पगाराचा हिशेब

अलिबागहून मुरूडकडे जाणारा रस्ता काशीदला सुरूच्या बनाजवळ समुद्राला येऊन भिडतो, आणि शनिवार-रविवारी येणारा पुण्या-मुंबईचा प्रवासी तेथेच रमतो. परंतु मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या साऱ्या टापूत अशी कितीतरी घरे आहेत की, ज्यांचा चरितार्थ या किनाऱ्यावर नव्हे, तर कुवेत, जेद्दा, दुबई आणि मस्कत येथून येणाऱ्या पैशावर चालतो. या घरांविषयी, आणि दुर्दैवाने या घरांमध्येही, एक समजूत दृढमूल झाली आहे : गल्फचा पगार करमुक्त, म्हणून तिकडे गेलेला मनुष्य मिळवील ते जवळजवळ सगळे घरी धाडू शकतो. ही समजूत खोटी आहे, आणि तिच्यापायी अत्यल्प वेतनाच्या माणसांचे नुकसान होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

पगारावर प्राप्तिकर नाही, एवढे खरे. परंतु २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले तेव्हा रिकाम्या होऊ लागलेल्या खजिन्याची भरपाई आखाती सरकारांनी अन्य मार्गांनी सुरू केली. सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती यांनी १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के मूल्यवर्धित कर बसविला. सौदीने तो जुलै २०२० मध्ये एकदम १५ टक्क्यांवर नेला, तर बहरीनने २०२२ मध्ये आपला कर १० टक्के केला. ओमानने २०२८ पासून प्राप्तिकराचाही कायदा केला आहे. तो वर्षाला ४२ हजार ओमानी रियालांच्या वरच्या मिळकतीपुरताच असल्यामुळे आपल्या गवंड्या-सुतारांना त्याची झळ लागणार नाही. पण साबणावर आणि तेलाच्या डब्यावर बसणारा कर घेणाऱ्याची ऐपत पाहत नाही, आणि ज्याचा निम्मा पगार पोटापाण्यातच जातो त्याच्यावर तो सर्वांत जड पडतो.

याहून कठोर वसुली कुटुंबावर आहे. सौदीने जुलै २०१७ पासून परदेशी नोकराबरोबर राहणाऱ्या प्रत्येक आश्रितामागे दरमहा १०० रियाल आकारण्यास आरंभ केला आणि दरवर्षी शंभराची भर घालीत २०२० मध्ये तो आकडा ४०० वर नेला. बायको आणि दोन मुले जवळ ठेवणाऱ्या मनुष्यास यापायी महिन्याला १,२०० आणि वर्षाला १४,४०० रियाल भरावे लागतात. ज्याचा पगारच तीन हजार रियाल आहे, त्याने घरभाडे, शाळेची फी आणि किराणा हे सर्व कशातून भागवावे? त्याला मुलांना गावी पाठविण्यावाचून गत्यंतर उरत नाही, आणि मग एका पगारावर दोन बिऱ्हाडे चालवावी लागतात.

दुबईत आकारणीची तऱ्हा निराळी. तेथे वार्षिक भाड्याच्या ५ टक्के रक्कम नगरपालिका वीज-पाण्याच्या बिलातून वसूल करते, आणि भाडे असे असते की एकट्या माणसाने खोली नव्हे, खोलीतला एक पलंग भाड्याने घ्यावा. त्याला तिकडे ‘बेडस्पेस’ म्हणतात. गिरणगावात एका गाळ्यात पाळीपाळीने झोपणारे आणि खाणावळीत जेवणारे कोकणी चाकरमानी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे जिणे निराळे सांगावयास नको.

आणि कर भरण्यास आरंभ होतो तो विमानात बसण्यापूर्वीच. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या नोंदणीकृत एजंटाने ३०,००० रुपयांहून अधिक मेहनताना घेऊ नये असा नियम आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये. प्रत्यक्षात याच्या कितीतरी पट रक्कम उकळली जाते आणि तिची पावती मिळत नाही. घरी फडताळात ठेवलेल्या वहीत म्हणूनच पहिल्या वर्षाच्या नोंदी अशा असतात : गहाण पडलेले मंगळसूत्र सोडविले, उसनवारी फेडली, घरपट्टी, सिलिंडर, अलिबागच्या डॉक्टरांची औषधे. शिल्लक नाही.

आपल्याकडील प्राप्तिकर कायद्याचेही भय अनाठायी पसरले आहे. २०२० च्या वित्त कायद्याने कोठेच कर न भरणाऱ्या काही भारतीय नागरिकांना निवासी मानण्याची तरतूद केली, पण ती भारतातील उत्पन्न १५ लाखांच्या वर असणाऱ्यांपुरती आहे, आणि आखातात प्रामाणिकपणे कमावलेल्या पगारावर कर नाही, हा खुलासा सरकारने तेव्हाच केला. खरी गळती बँकेत होते. परदेशी गेल्यावर जुने बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचे साधे खाते, करावे लागते, आणि त्याच्या व्याजातून उपकरासह ३१.२ टक्के कापले जातात. पुष्कळांची येथील मिळकत करपात्रच नसते, परंतु विवरणपत्र न भरल्यामुळे ते पैसे परत मिळत नाहीत. परदेशातून पाठविलेल्या पैशासाठी असलेल्या एनआरई खात्यावरील व्याज मात्र करमुक्त असते. हे समजावून सांगणारे गावात कोणी नाही.

सरकारकडे माझी मागणी आहे की, १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली होणाऱ्या प्रत्येक करारनाम्यात पगाराच्या आकड्याशेजारी तेथील कर, आश्रितांचे शुल्क आणि राहण्या-खाण्याचा अंदाजी खर्च मराठीत लिहिलेला असावा; इकाम्याचे, म्हणजे निवास परवान्याचे, शुल्क सौदी कायद्याप्रमाणे मालकाने भरावयाचे असते, हेही त्यात नमूद व्हावे. मुरूडच्या तहसील कचेरीने वर्षातून एकदा, लोक सुट्टीवर येतात तेव्हा, खाती आणि विवरणपत्रे यांसाठी शिबिर भरवावे. आणि ज्यांच्या घरातून यंदा कोणी निघणार असेल, त्यांनी करारावर अंगठा उठविण्यापूर्वी किंवा सही करण्यापूर्वी वरील आकडे एजंटाकडून कागदावर लिहून घ्यावेत.